महाराज, पाणी!

आधीच सांगून ठेवतो, मी तोंडाचा फाटका माणूस. गोड बोलणं मला जमत नाही, ते तिकीटबाबूंनी करावं. माझं काम पाणी पाजायचं. दादर स्टेशनात, समुद्राकडच्या बाजूला, लांबच्या गाड्या थांबतात त्या फलाटावर मी ते इमानानं करतो.

पाण्याची खोली म्हणजे पुलाच्या जिन्याखालची अंधारी जागा. आत वाळूवर दोन मोठे माठ, भोवती ओलं गोणपाट, एक पितळी झारी, एक बादली, बसायला स्टूल. गाडी लागली की झारी घेऊन खिडक्याखिडक्यांशी जायचं, ओंजळी भरायच्या, तांबे भरायचे. माझ्या आधी इथं मिसिरजी होता, काशीकडचा ब्राह्मण. त्याच्या आधीचाही ब्राह्मणच. रेल्वेचा रिवाजच तसा, कारण ब्राह्मणानं पाजलेल्या पाण्याला कुणी नाक मुरडत नाही. मुसलमानांचा माठ वेगळा, त्यावर माणूस वेगळा. हिंदू पाणी, मुसलमान पाणी, अशा पाट्या असायच्या. आमचं पाणी तिसरं. त्याची पाटी कुठंच नव्हती.

माझा बाप रामजी याच फलाटावर झाडू मारायचा. तहान लागली की माठापासून लांब, खांबाजवळ उभा राहायचा. मिसिरजीच्या मनात आलं तर तो वरून धार सोडायचा. नाही आलं तर बाप पाळी संपवून डिलाईल रोडच्या चाळीत येऊन प्यायचा. पुढं शिवाशिव बंद करणारा कायदा झाला, मिसिरजी पेन्शनीत निघाला आणि मोठ्या साहेबानं त्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी पहिली झारी मी स्वतःच प्यालो, पोटाला तड लागेपर्यंत. बाप असता तर त्याला पाजली असती. तो केव्हाच गेला होता.

आता गंमत ऐका. पाणीवाला आहे म्हणजे ब्राह्मण असणारच, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात माझं टक्कल तुळतुळीत आणि मागं चार केस उरलेले, ती लोकांना शेंडी वाटायची. झालं! ‘महाराज, पाणी!’, ‘महाराज, इकडे!’ एका गृहस्थानं तर खिडकीतून मुलीची पत्रिका पुढं केली. मी म्हटलं, ‘शेठ, डोकं आत घ्या, गाडी सुटतेय.’ रामू हमाल पोट धरून हसला.

हा रामू माझा दोस्त, सावंतवाडीकडचा. विडी माझ्याकडून हक्कानं मागून घ्यायचा. पाणी मात्र पार टोकाच्या नळावर जाऊन प्यायचा. ‘नळाचं जरा गार असतं रे,’ म्हणायचा. ऐका! नळाचं गार आणि माठाचं गरम! मी काही बोललो नाही. बोलायला तोच तर एक होता.

कारण घरी कुणी नव्हतं. रखमा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. खोलीवर गेलो की भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली मी. बाबासाहेब गेले तेव्हा इथंच चौपाटीवर, त्या गर्दीत रडत रडत मी दीक्षा घेतली. महार होतो, बौद्ध झालो. वस्तीत सगळे ‘जय भीम’ घालतात, पण दिवा मालवला की खोली ती खोलीच. आणि स्टेशनात तर काय, दिवसभर शेकड्यांनी ओंजळी बघायच्या. ओंजळीकडं बघणाऱ्याला चेहरा दिसत नाही आणि पिणाऱ्याला पाणीवाला दिसत नाही.

अशात माई आली.

लाल आलवणातली, सत्तरीची, वाळून काटक झालेली ब्राह्मणाची म्हातारी. हातात एक वळकटी आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. तिचा थोरला मुलगा जगदीश इथंच दादरला, रानडे रोडवर राहायचा, सरकारी कचेरीत होता. धाकटा उंबरगावला मास्तर. आईची दोघांनी वाटणी केलेली. एक महिना इकडं, एक महिना तिकडं. महिना भरला की जगदीश कचेरीला जाता जाता तिला फलाटावर आणून बसवायचा आणि घड्याळ बघत निघून जायचा. गाडी दुपारची. तोवर माई माझ्या खोलीसमोरच्या बाकावर.

पहिल्या दिवशी तिनं तांब्या पुढं केला. ‘महाराज, भरा हो. गाडीत मी कुणाच्या हातचं घेत नाही. तुमचं चालेल.’

मी भरला. खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, ‘सकाळपासून उभे आहात. जेवलात का?’

आता बघा, रखमा गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. तोंड मिटलं ते मिटलंच.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ती यायची आणि मी वाट बघायचो. त्या दिवशी माठ घासून लख्ख करायचो. सदरा धुतलेला घालायचो. ती बाकावर, मी स्टुलावर, मध्ये दारातली ओली फरशी. ती बोलायची आणि मी ऐकायचो. धाकटी सून दूध मोजून देते, थोरली न मोजता देते पण आदळून देते. ‘कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ,’ म्हणायची. मग मला विचारायची, हातानं करून खाता का, मीठ बेतानं घालता ना, थंडीत कानाला बांधता का. मी रागीट माणूस खरा, पण तिच्यापुढं शेळी व्हायचो.

ते दिवस कसे होते ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाजी पार्कात सभा, रस्त्यात मोर्चे, गाडीतून उतरणारा जथा घोषणा देतच उतरायचा आणि घसा बसला की माझ्याकडं धावायचा. जगदीशही त्यात पुढं होता. एकदा फलाटावरून असाच मोर्चा गेला, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ माई बघत राहिली. मग एकदम फिस्कन हसली.

‘बघा हो महाराज. माझ्या जगदीशला मुंबई पाहिजे, बेळगाव पाहिजे, डांग पाहिजे. धाकट्याला उंबरगाव पाहिजे, ते गुजरातेत जाईल म्हणून त्याला झोप नाही. गावच्या गावं पाहिजेत मेल्यांना. आई तेवढी कुणाला नको!’

हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. मी झारी उचलली आणि तांब्या पुन्हा भरला. तो आधीच भरलेला होता, पाणी फरशीवर गेलं.

रामू म्हणायचा, ‘सांगून टाक रे बाबा. एक दिवस भांडं फुटेल.’ मला काय कळत नव्हतं? सांगितलं तर नोकरी जाणार नव्हती, कायदा माझ्या बाजूला होता. पण माई उठून गेली असती. कायद्यानं माठ दिला, बाकावर समोर येऊन बसणारं माणूस कायदा देतो का? म्हणून आज सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असं करत दोन वर्षं गेली. खोटं मी एकदाही बोललो नाही. तिनं कधी नावसुद्धा विचारलं नाही. महाराज म्हटलं की झालं, त्यात नाव, गाव, जात सगळं आलं.

मग ते पितृपक्षातलं आलं.

एकोणसाठ सालचा पितृपक्ष. माई त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आली. जगदीश वळकटी टाकून निघून गेला. माईच्या हातात आज मोठा डबा होता आणि केळीच्या पानाची सुरळी. मला म्हणाली, ‘महाराज, माझं एक काम करायचं. नाही म्हणायचं नाही.’

‘बोला की माई.’

‘आज यांची तिथी. थोरला म्हणतो, आज तू तिकडे चाललीस, तर तिकडेच करा. धाकट्याचं पत्र आलं, थोरल्याचा मान आहे, त्यानंच करावं. दोघांच्या मध्ये यांचं पान राहिलं. पहाटे उठून मी सोवळ्यात केलंय सगळं. वडे आहेत, खीर आहे, आमसुलाची चटणी आहे. एका ब्राह्मणाच्या मुखी पडलं की झालं. माझ्या ओळखीचे ब्राह्मण तुम्हीच.’

आणि उत्तराची वाटही न बघता माझ्या खोलीच्या दाराशी तिनं पान मांडलं. ओल्या फडक्यानं पुसलं. वडा वाढला, खीर वाढली, भात, भाजी, चटणी जिथल्या तिथं. पानाभोवती पाणी फिरवायला तांब्या उचलला. तांब्यात पाणी माझ्याच हातचं.

 इकडे आड, तिकडे विहीर. जेवलो तर काय? बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी. श्राद्धपक्ष करणार नाही, खोटं बोलणार नाही, असं भर गर्दीत हात जोडून म्हटलेलं. आणि ब्राह्मण म्हणून पानावर बसणं यापेक्षा मोठं खोटं काय असतं? आणि नाही जेवलो, तर ही म्हातारी, जिच्या नवऱ्याचं पान दोन पोरांनी वाऱ्यावर सोडलं, तिनं ते कुठं घेऊन जायचं? समोर वाफ निघतेय आणि मी खांबासारखा उभा.

‘बसा ना,’ माई म्हणाली. ‘निवेल.’

‘माई, मी ब्राह्मण नाही.’

तिला वाटलं मी संकोच करतोय. ‘अहो, देशस्थ काय, कोकणस्थ काय, आता कोण बघतंय?’

‘मी भिवा. या फलाटावर झाडू मारायचा त्या रामजीचा मुलगा. महार होतो, आता बौद्ध आहे.’

तिचा हात तांब्यावर तसाच राहिला. मग तिनं तांब्याकडं बघितलं. मग माठांकडं. मग माझ्याकडं, असं की जणू मी आत्ता गाडीतून उतरलो.

‘म्हणजे दोन वर्षं मी जे प्याले...’

‘ते याच हातचं.’

‘सांगितलं नाहीत?’

‘तुम्ही विचारलं नाहीत. महाराज तुम्हीच म्हणालात.’

तिनं पानावरचं एकेक परत डब्यात भरलं. पान मिटलं. मग उठून फलाटाच्या कडेला गेली आणि तांब्या उपडा करून सगळं पाणी रुळांवर ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला.

माझं टाळकं फिरलं. ‘ओता, ओता!’ मी ओरडलो. ‘दोन वर्षांचं पोटात आहे, ते कुठं ओतणार?’

तिनं वळून बघितलं नाही. रिकामा तांब्या आणि भरलेला डबा घेऊन गाडीत चढली. मी झारी घेऊन तिच्या खिडकीकडं गेलोच नाही. तहानेनं तिचं काय झालं असेल, हा विचार गाडी गेल्यावर आला. तोवर काय उपयोग?

संध्याकाळी रामू म्हणाला, ‘खाल्ला असतास एक वडा, तर काय मेला असतास?’

‘हो, मेलो असतो,’ मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या हातातली झारी घेऊन तोंडाला धार लावली. तोंड पुसून म्हणाला, ‘गार आहे रे.’ मी म्हटलं, ‘आहेच. मुद्दाम सांगतोस काय?’

पुढच्या महिन्यात माई परत आली ती जगदीशच्या मागं मागं, खाली मान घालून पुढं गेली. आणि त्यानंतर तिची जायची पाळी आली. दिवस माझ्या लक्षात होता. सदरा धुतलेला घातला, मग स्वतःचाच राग आला आणि काढून मळका चढवला.

जगदीशनं तिला सवयीनं माझ्यासमोरच्या बाकावर बसवलं आणि गेला. तो गेल्याबरोबर ती उठली. वळकटी ओढत ओढत पार टोकाला, वजनाच्या काट्याजवळ जाऊन बसली. तांब्या मांडीवर आडवा पडलेला. एवढ्या लांबूनही दिसत होतं, तो रिकामा होता.

मीही बसून राहिलो. मी का जाऊ? ताठा काय त्यांनाच असतो? सकाळ गेली, ऊन फलाटावर आलं, तिच्या पायांपर्यंत सरकलं. नळ तिच्याजवळच होता. त्या नळाचंही तिनं घेतलं नाही. मध्ये एकदा आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान वळवली. सांगतो ना, तेवढं लांब अंतर मी जन्मात बघितलं नव्हतं.

गाडी आली. माणसं ओरडायला लागली, मी झारी घेऊन खिडक्या करत सुटलो. शिटी झाली. गाडीनं धक्का घेतला. मी वळलो, तेवढ्यात मागून हाक आली.

‘अहो भिवा! भिवा!’

बायकांच्या डब्याच्या खिडकीतून तांब्या बाहेर आला होता. फिरकी काढलेला. त्याच्यामागं तिचा वाळका हात, कोपरापर्यंत.

मी धावलो. या वयात असा धावेन असं मला स्वतःला वाटलं नव्हतं. झारी हिंदकळत होती, लोक बाजूला होत होते, रामू ‘पडशील, पडशील’ ओरडत होता. खिडकीजवळ पोचलो आणि पळता पळता धार सोडली. थोडी तांब्यात गेली, बाकी तिच्या हातावर, आलवणावर. तिचं तोंड दिसलं. ती काहीतरी म्हणाली, पण इंजिनानं ते खाल्लं. मग फलाट संपला आणि मी उतारावर थांबलो.

त्या दिवशी खोलीवर जाऊन मी एकटाच हसलो. म्हटलं, येऊ दे पुढच्या पाळीला, विचारतो काय म्हणाली ते.

पण पुढची पाळी आली, माई नाही आली. त्याच्या पुढचीही गेली. मी माठ घासायचो, सदरा धुवायचो, बाक रिकामा. जगदीशला येता-जाता गाठायचं ठरवलं, पण विचारणार काय? ‘तुमच्या आईशी माझी ओळख आहे’, असं पाणीवाल्यानं म्हणायचं? 

साठ साल चालू होतं. मे महिन्यात राज्य झालं. दादरात दिवाळीपेक्षा जास्त रोषणाई, पेढे, ढोल, लेझीम. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू? मुंबई मिळाली. उंबरगाव मात्र गुजरातेत गेलं. मला आपलं धाकट्या मास्तराचं आठवलं आणि मग माईचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी जगदीश फलाटावर आला. एकटाच. डोकं गुळगुळीत, वर टोपी. ते डोकं बघितलं आणि मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

त्याच्या हातात डबा होता.

‘महाराज, इथले पाणीवाले तुम्हीच ना? भिवा म्हणतात ते?’

‘हो.’

‘आई गेली आमची. मार्गशीर्षात तिकडे अर्धांगाचा झटका आला, एप्रिलात इकडे आणली. संध्याकाळच्या गाडीनं, उचलूनच.’

संध्याकाळी माझी पाळी नसते. या फलाटावरून, या दारासमोरून तिला नेली असणार, आणि मी तिकडं चाळीत स्टोव्ह पेटवत बसलेला असणार.

‘आज तेरावं,’ तो म्हणाला. ‘बोलणं तिचं नीट कळत नव्हतं, पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. माझ्या तेराव्याला पहिलं पान दादर स्टेशनावर भिवाला न्या. मी विचारलं, कोण भिवा? तर म्हणाली, माझ्या ओळखीचा आहे.’ त्यानं डबा पुढं केला. ‘घरी बाकीचे ब्राह्मण खोळंबलेत. शास्त्रीबुवा, आपलं आडनाव काय?’

हसू का रडू! शास्त्रीबुवा!

मी डबा दोन्ही हातांनी घेतला. मग म्हटलं, ‘साहेब, मी ब्राह्मण नाही. बौद्ध आहे. आधी महार.’

 तो म्हणाला, ‘आईला ठाऊक नसेल.’

‘होतं. मीच सांगितलं होतं.’

‘मग तिनं असं कसं...’ त्याचा हात पुढं आला, डब्याच्या कडीला लागला. ‘अहो, म्हणजे, हे तेराव्याचं आहे. घरी काय सांगू मी? आज नको. नंतर कधी वेगळं पाठवीन.’

मी कडी सोडली नाही.

‘साहेब, मुंबई तुम्ही घेतलीत, चांगलं केलंत. हा डबा माझा आहे. आईनं नाव घेऊन दिलाय.’

थोडा वेळ आम्ही दोघं तो डबा धरून उभे होतो. मग त्यानं हात काढला. कपाळाचा घाम पुसला. माठाकडं एकदा बघितलं, तहान लागलेली दिसत होती, पण काही न मागता जिना चढून गेला.

मी खोलीत बसून डबा उघडला. वरती केळीच्या पानाचा तुकडा. वडे होते, खीर होती, आमसुलाची चटणी होती. थोरल्या सुनेच्या हातचं असणार, वडे जरा करपलेले. वस्तीत कुणी विचारलंच तर सांगेन, श्राद्ध नाही जेवलो, ब्राह्मण म्हणून नाही जेवलो. माईनं जेवायला बोलावलं, म्हणून जेवलो.

फक्त समोरचा बाक रिकामा होता. जेवलात का म्हणून विचारणारी नव्हती. जेवता जेवता दोनदा उठून पाणी प्यालो.

तेवढ्यात उंबरगावकडची गाडी लागली. खिडक्याखिडक्यांतून हात बाहेर आले. ‘महाराज, पाणी! ओ महाराज!’

‘महाराज नाही, भिवा!’ मी भरल्या तोंडानं ओरडलो. ‘आणि थांबा जरा. जेवतोय मी.’